एका ओळीचं कौतुक

आज सकाळी माझं कौतुक करणारी मेल आली. अख्ख्या विभागाला प्रत. विषय : 'अवघ्या एका ओळीत बग दूर!' ती ओळ म्हणजे मी वैतागून ड्रायव्हरमध्ये, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातलेला प्रिंटके, संदेश छापणारी आज्ञा. 'इथवर आलो' एवढंच सांगणारा.

नेटवर्क कार्ड रीसेट झालं की कधीतरी मशीन कोसळायचं. तेही फाइल सिस्टिममध्ये! मेमरी करप्शनची, म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीत भलतंच लिहून जाण्याची, रीतच ही, शेण खाणारा एक आणि बोंब मारणारा दुसरा. फाइल सिस्टिमवाले तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. अशी घुसखोरी पकडणारं कासान लावून पाहिलं. दर आठ बाइटांमागे एक बाइट पहाऱ्यावर बसवणारं हे हत्यार २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, आहे. मशीन रांगायला लागलं, पण कासान तोंड उघडेना. मग घातला प्रिंटके, तर बगच गायब.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"गेला?"

"गेला नाही, दडलाय."

"दिसतोय का?"

"नाही."

"मग गेला."

"ती ओळ काढली की परत येतो, सर."

"मग काढतोस कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण नोकरीही होती.

साहेबांनी खुर्ची ओढली. "दोन ओळी घातल्या तर जास्त सेफ होईल का?" मी म्हटलं, सर, हा ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडण्याचा प्रकार आहे. "पण ताप उतरला ना?" म्हणत त्यांनी बगचा फॉर्म उघडला. 'मूळ कारण' हा रकाना भरल्याशिवाय तो बंद होत नाही. बराच विचार करून त्यांनी टाइप केलं : 'ओळ नव्हती.'

ते गेल्यावर मी ओळ काढली आणि स्लबचं, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाचं, पॉयझनिंग चालू केलं. त्यात मोकळी केलेली मेमरी ६बी या बाइटनं भरून टाकतात. ६बी म्हणजे इंग्रजी 'के'. दोन रात्री मी स्क्रीनवर नुसतं के के के के वाचत होतो. घरच्यांना वाटलं, मी कुणाच्या तरी नावाचा जप करतोय. आणि तिसऱ्या रात्री त्या के-के-केच्या मधोमध सहा एफएफ! पुढे काही बाइट सोडून ०८०६. म्हणजे एआरपीचं ब्रॉडकास्ट पॅकेट. 'हा पत्ता कुणाचा?' असं नेटवर्कवर कुणीतरी विचारत होतं, आणि कार्ड तो प्रश्न फ्री झालेल्या बफरात, म्हणजे परत केलेल्या मेमरीच्या तुकड्यात, खुशाल लिहून ठेवत होतं. डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत. कासान पाहतं ते प्रोसेसर चालवत असलेल्या कोडकडे, त्याला हे दिसणार कुठून!

आमचा ड्रायव्हर कार्डाला 'थांब' म्हणायचा आणि ते थांबलं का हे न बघता बफर फ्री करायचा. माझी ओळ नेमकी या दोहोंच्या मध्ये होती. संदेश छापला जातो तो सिरियल कन्सोल ११५२०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, एक अक्षर छापायला साधारण ८७ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात कार्ड बिचारं थांबत होतं.

कार्ड थांबेपर्यंत वाट पाहणारा अकरा ओळींचा पॅच मी पाठवला. साहेबांचा शेरा आला : "एका ओळीत झालेल्या कामाला अकरा कशाला?" वर, हा शेरा त्यांनी गमतीनं दिलेला नाही. पॅच अजून तसाच पडून आहे. ग्राहकाकडे गेलाय तो प्रिंटके.

दुपारी कळलं, कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून तो संदेश छोटा केलाय. आता तिथे नुसतं 'ओके' छापतं.