बाप्पाला सीटबेल्ट

गेली एकतीस वर्षं मी अमेरिकेत गाडी चालवतेय. उजवीकडच्या सीटवरून. स्टिअरिंग सुधीरच्या हातात असतं, पण तो तपशील झाला. "पिवळा झालाय", "तो ट्रक बघ", "अरे, त्याच्या इतकं जवळ कशाला जातोस" आणि सोबत उजव्या पायानं मॅटवर करकचून दाबलेला ब्रेक, एवढ्या भांडवलावर आम्ही दोघं आजवर धडधाकट आहोत, असं माझं मत आहे. सुधीरचं मत वेगळं आहे. ते इथे देत नाही.

हा सुधीर चार वर्षांपूर्वी रिटायर झाला आणि लोक ज्या वयात गुडघे बदलून घेतात त्या वयात त्यानं गाडी घेतली. १९५७ सालची शेव्हर्ले बेल एअर. म्हणजे त्याच्याहून पाच वर्षांनी थोरली.

याचं मूळ शिवडीत आहे. शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता. बाहेरून सुटे भाग खोक्यांत भरून यायचे आणि इथे जोडून गाड्या बाहेर पडायच्या. सुधीरचे आजोबा तिथे फिटर. १९५४ साली कारखाना बंद झाला तेव्हा आजोबा घरी आले ते खोक्याच्या फळ्या घेऊन. त्या फळ्यांचं एक कपाट परळच्या खोलीत होतं आणि त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला काळ्या रंगात गाडीच्या नावाची अर्धीमुर्धी अक्षरं होती. सुधीरचं बालपण त्या दारासमोर गेलं. आजोबांनी जन्मभर शेव्हर्ले जोडल्या, कामावर मात्र पायी गेले. ही गोष्ट सांगताना सुधीरचा आवाज अजून जरा घोगरा होतो, म्हणून मी एकदाच म्हटलं, की कारखाना चोपन्नला बंद झाला आणि गाडी सत्तावन्नची आहे, म्हणजे आजोबांचा हिला हातही लागलेला नाही. "तो मुद्दाच नाही," सुधीर म्हणाला. मुद्दा काय, ते मला अजून कळलेलं नाही.

पण गाडी देखणी आहे, हे मान्य करायलाच हवं. रंग मोरपंखी, टप पांढरा, लांबी जवळजवळ सतरा फूट. बॉनेटवर दोन रॉकेटं आणि मागे दोन पंख. पहिल्या दिवशी पंपावर पेट्रोल भरायला गेलो तर तोंड सापडेना. मी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. ते डाव्या पंखामागच्या क्रोमच्या पट्टीआड लपवलेलं असतं. बाईनं दागिन्यांत चोरकप्पा ठेवावा तसं. त्या काळातल्या अमेरिकेला पेट्रोल किती पितेय याची फिकीर नव्हती, पण पिताना ती बरी दिसली पाहिजे, याची होती. दार लावलं की गोदरेजच्या कपाटासारखा आवाज येतो. पुढची सीट म्हणजे अख्खा सोफा. पट्टे नाहीत, एसी नाही. डॅशबोर्ड पत्र्याचा, म्हणजे आपण त्यावर आपटलो तर डॅशबोर्डला काही होऊ नये. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ते दाबले की गाडी थांबत नाही, आपला अर्ज दाखल करून घेते.

तिला आजार एकच, तोही तिचा नव्हे, आमच्या हवेचा. आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. इथल्या उन्हात पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचायच्या आधी नळीतच उकळतं आणि त्याची वाफ होते. जुना पंप बिचारा पातळ ढकलायला बनवलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. गाडी दोन आचके देते आणि रस्त्यात बसते. जुन्या गाड्यांच्या मंडळींकडे यावर एक परंपरागत इलाज आहे: पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे. थट्टा नाही, खरंच लावतात. लाकूड उष्णता शोषतं म्हणे. शास्त्राचा याला कितपत पाठिंबा आहे देव जाणे, पण पुण्याहून मुद्दाम आणलेले माझे तीन डझन चिमटे चार वर्षांत बॉनेटखाली गेले. दोरीवर साड्या वाळत घालून मी आता त्यांच्यावर नुसता विश्वास टाकते.

आणि याच चँडलरमध्ये डोक्यावर भिरभिरं लावलेल्या, ड्रायव्हर नसलेल्या टॅक्स्या कावळ्यांइतक्या सवयीच्या झाल्या आहेत. सिग्नलला शेजारी येऊन उभ्या राहतात, स्टिअरिंग आपलं आपण फिरतं आणि मागे बसलेली मुलगी शांतपणे लिपस्टिक लावत असते. मी त्यात बसणार नाही, असं जाहीर केलं होतं. हट्टानं नव्हे, माहिती काढून. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं मोहावी वाळवंटात बिनचालकाच्या गाड्यांची शर्यत लावली, दहा लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं. सगळ्यांत पुढे गेलेली गाडी ७.४ मैलांवर अडकून पडली आणि बक्षीस तिजोरीत परत गेलं. बरं, ते जुनं झालं म्हणावं, तर मार्च २०१८ मध्ये आमच्या शेजारच्या टेंपीत, रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी बाई चाचणीतल्या अशाच एका गाडीखाली गेली. गाडीला ती दिसली होती. पण हे वाहन, सायकल की आणखी काही, हे शेवटपर्यंत ठरेना. लक्ष ठेवायला बसवलेल्या माणसाची नजर फोनवर होती. त्या रस्त्यानं जाताना मी अजून बोलत नाही, आणि माझं न बोलणं म्हणजे काय, ते सुधीरला विचारा.

आमची लेक म्हणते, "आई, ती गाडी दमत नाही, पीत नाही, चिडत नाही." मी म्हटलं, ही सुनेची जाहिरात झाली, ड्रायव्हरची नव्हे.

सुधीरचा विरोध निराळ्या कारणानं. "आमच्याच लोकांनी १९५६ ला दाखवली होती आपोआप चालणारी गाडी," तो म्हणतो. आमचे लोक म्हणजे जनरल मोटर्स. त्या वर्षीच्या मोटोरामा प्रदर्शनात त्यांनी फायरबर्ड टू नावाची गाडी मांडली होती. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या इशाऱ्यावर ती पुढे चालेल आणि कुटुंब निवांत गप्पा मारेल, अशी कल्पना. तार कोणी पुरली नाही. कुटुंबांनी गप्पा मात्र मारल्या.

तर २०२४ सालची गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबर, शनिवार. त्या वर्षी फिनिक्सच्या परिसरात सलग ११३ दिवस पारा शंभर फॅरनहाइटला टेकला किंवा त्याच्या वर गेला. चतुर्थी त्यातच सापडली. मंडळाच्या सभेत सुधीरनं उभं राहून सांगितलं, की यंदा बाप्पा बेल एअरमधून येतील. टाळ्या पडल्या. माझी नजर त्यानं शिताफीनं चुकवली.

दुपारी निघालो. पंखांना झेंडूची तोरणं, रॉकेटांना हार, सोफ्यावर आमच्या दोघांच्या मध्ये शाडूची दीड फुटी मूर्ती, आणि बॉनेटखाली नवे कोरे डझनभर चिमटे. निम्म्या वाटेवर गाडीनं पहिला आचका दिला. "काही नाही," सुधीर म्हणाला. दुसऱ्यानंतर तो काही म्हणाला नाही. गाडी कडेला लावली, बॉनेट उघडलं, बाप्पासाठी आणलेल्या पाण्यानं फडकं भिजवून पंपावर ठेवलं. पंपाला बरं वाटलं नाही. हॉलच्या दारात ढोलपथक उभं. अध्यक्षांचा चौथा फोन आला तेव्हा मी लेकीला फोन लावला आणि म्हटलं, "मागव ती."

ती सहा मिनिटांत आली. टपावरच्या चकतीत लेकीची आद्याक्षरं चमकत होती. सुधीर थोरलीला उन्हात एकटी सोडून यायला तयार नव्हता. तेव्हा मी आणि बाप्पा मागे बसलो. दार लावलं. गाडी निघेना. एक गोड आवाज म्हणाला, कृपया सर्वांनी सीटबेल्ट लावावा. मी माझा लावलेला होता. आवाज पुन्हा म्हणाला, सर्वांनी. तेव्हा लक्षात आलं, की शेजारच्या सीटला बाप्पाचं वजन कळलं होतं.

आता बाप्पाच्या पोटाला मूळचा नागाचा पट्टा असतो. पण तो पुराणातला, इथे चालत नाही. मी त्यावरून दुसरा लावला. वरचा भाग सोंडेवर घासू लागला, म्हणून मध्ये उपरणं घातलं. क्लिक झालं आणि गाडी हलली.

एक कबूल करते. इतकं सभ्य ड्रायव्हिंग मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळं मोजून, सगळं वेळेवर. सवयीनं मी म्हटलं, "समोर सिग्नल आहे." गाडी आधीच हळू झाली होती. "तो सायकलवाला..." त्याच्यासाठी तिनं अख्खी लेन सोडली होती. माझा उजवा पाय मॅटवर नुसता पडून राहिला. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदाच बेकार झाला. शेवटी मी बाप्पाला म्हटलं, "किती शांत वाटतंय ना?" आणि मला मुळीच शांत वाटत नव्हतं.

हॉलच्या पार्किंगच्या तोंडाशी पथक मोरपंखी गाडीची वाट बघत होतं. आली पांढरी, भिरभिऱ्याची. क्षणभर सगळे गप्प. मग अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून सांगितलं, की बाप्पाच्या मूषकालाही ड्रायव्हर नसतो, वाजवा! आणि चाळीस माणसं गाडीपुढे नाचायला लागली.

गाडी थांबली. पक्की थांबली. माझ्यासमोरच्या पडद्यावर चाळीस बाहुल्या उड्या मारताना दिसत होत्या. मिरवणुकीतल्या ड्रायव्हरला एक कला यावी लागते: नाचणाऱ्यांच्या टाचांना न लागता वीतभर पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं, मध्येच कुणी चहा दिला तर तो घ्यायचा. अध्यक्ष पुढे आले आणि दोन्ही हातांनी "या, या, या, बास" असे इशारे करू लागले. मग बॉनेटशी वाकून "जरा पुढे घ्या हो" म्हणाले. मग इंग्रजीत म्हणाले. अध्यक्षांना दाद न देणारं मंडळात आजवर कोणी नव्हतं.

एवढ्यात गाडीतून एका मुलीचा आवाज आला. यंत्राचा नव्हे, माणसाचा. गाडीसमोर अडथळा दिसतोय, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, अडथळा नाही, ढोलपथक आहे. तिनं विचारलं, ते कधी बाजूला होतील? मी पुण्याची. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं. लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपत नाही आणि ज्याचा रथ जास्त वेळ जागचा हलत नाही त्याचा रुबाब मोठा. त्या हिशेबानं पाऊण तास एक इंचही न हललेली आमची मिरवणूक चँडलरमधली सगळ्यांत रुबाबदार ठरायला हरकत नव्हती. पोरं घामानं निथळली होती, पण खूश होती. इतकं निर्धास्त गाडीपुढे कधी नाचायला मिळालं नव्हतं, असं ताशावाला नंतर म्हणाला. शेवटी मीच बाप्पाचा पट्टा सोडला आणि त्यांना उचलून उतरले. उरलेली साठ पावलं ते अध्यक्षांच्या डोक्यावरून गेले. माणसं बाजूला झाल्यावर गाडी आपली आपण वळली आणि मागे न बघता निघून गेली. प्रसाद तरी थांबून घ्यायचा.

आरती, जेवण, आवराआवर होईस्तोवर रात्रीचे दहा वाजले. एका कार्यकर्त्यानं मला सुधीरपाशी सोडलं. सुधीर पंखाला टेकून मोदक नसलेल्या डब्यातला चिवडा खात होता. तोरणं सुकली होती. "निवलीय," तो म्हणाला. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, दुपारी काही घडलंच नाही अशा थाटात.

मी सोफ्यावर बसले, दार ओढलं. रस्ता रिकामा होता. लांबवर दिवा पिवळा झाला.

"समोर सिग्नल आहे," मी म्हटलं.

"दिसतोय गं मला!" सुधीर खेकसला. मी पाय ब्रेकवर ठेवला.