‘स्मरणरंजन’ म्हणणाऱ्या वाचकास: सिव्हिलायझेशन, ढीग आणि एका टाइलवरचं एक युनिट

‘सिव्हिलायझेशन’ ही साम्राज्य उभारायच्या संगणकीय खेळांची मालिका. त्यात नकाशाच्या घरांवरून (टाइलवरून) फौजेच्या तुकड्या (युनिटं) हलवायच्या; एकाच टाइलवर अनेक युनिटं जमवली की तो ढीग. तिच्या सात भागांवरच्या माझ्या लेखाखाली ‘निनावी’ यांची प्रतिक्रिया आली आहे: “लेख म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. पहिल्या चार भागांत युनिटांचा ढीग लावून चालत सुटायचं, डोकं लावायची गरजच नव्हती. पाचव्याने एका टाइलवर एकच युनिट आणलं आणि मालिका वयात आली. लेखकाने तो नीट खेळलेला दिसत नाही. धर्म, हेरगिरी, सातव्या भागातली युगं यांची दोन ओळींत बोळवण.”

निनावी महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण “खेळलेला दिसत नाही” हे तुम्हाला दिसलं कुठून? मी डॉसच्या काळापासून ही मालिका खेळतो आहे. पाचवा भाग डेइटी या सगळ्यात कठीण पातळीवर जिंकलेला आहे. हे असं सांगणं मलाच शोभत नाही, पण वेळ तुम्ही आणलीत. चुकीचं म्हणायचं तर चुकीचं म्हणा, त्याला हरकत नाही. समोरच्याने गृहपाठच केलेला नाही असं धरून बोलायची ही कुठली पद्धत?

एक मान्य करतो: पाचव्यातली षटकोनी टाइल ही सुधारणाच होती. चौकोनात तिरकं चाललं की तेवढ्याच खर्चात जास्त अंतर कापलं जायचं, ती विसंगती गेली.

आता तुमचं ते “पहिल्या चार भागांत” वाक्य. १९९१ च्या पहिल्या आणि १९९६ च्या दुसऱ्या भागात उघड्या मैदानावर ढीग लावून बघितला आहेत कधी? त्यातलं बचाव करणारं एक युनिट हरलं की अख्खा ढीग खलास. शहरात किंवा किल्ल्यात असाल तरच वाचलात. म्हणजे ढिगाला शिक्षा करणारा नियम तिथे पहिल्यापासून होता. तो तिसऱ्या भागात, २००१ साली गेला. तेव्हा तुमचे चार भाग इथेच दोन झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ती अशी.

उरले दोन. तिसऱ्याची वकिली मी करणार नाही. पण चौथ्यात (२००५, मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन) ढिगावर उतारा म्हणून कॅटपल्ट, म्हणजे दगड फेकणारं यंत्र, होतं. ते ढिगात घुसवलं की एकाच वेळी अनेक युनिटं जखमी व्हायची. ते बहुधा स्वतः मरायचं, म्हणून किती कॅटपल्ट बळी द्यायची आणि कुठे थांबायचं हा हिशेब दरवेळी नव्याने. घोडदळासमोर भालाईत, पायदळासमोर कुऱ्हाडवाले. ढिगात कोण किती हवेत हे शहरातून निघण्याआधी ठरवावं लागे. यात तुम्हाला डोकं लागलं नसेल तर तुम्ही कुठल्या पातळीवर खेळत होतात, हे विचारायचा मोह मी आवरतो.

आणि पाचवा. २०१० च्या त्या भागाचा मुख्य डिझायनर जॉन शेफर. एका टाइलवर एकच युनिट ही कल्पना त्याने ‘पँझर जनरल’ या युद्धाच्या खेळावरून घेतली. तिथले नकाशे लढाईसाठीच आखलेले असतात. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये त्याच टाइलांवर शहरं, शेतं, डोंगर आणि खिंडी. फौज वाढली की रस्ते तुंबतात, म्हणून युनिटं महाग आणि उत्पादन संथ करावं लागलं, आणि त्याची झळ इमारतींनाही बसली. समोरून खेळणाऱ्या संगणकाला तर ही कवायत जमतच नाही: धनुर्धारी पुढे, तलवारवाले मागे, अर्धी फौज पाण्यात. या नियमाच्या अडचणींबद्दल शेफरने स्वतःच २०१३ मध्ये लिहिलं आहे. त्यालाही स्मरणरंजनच झालं असेल.

पुढच्या भागांनी काय केलं तेही बघा. सहाव्यात (२०१६) एकाच जातीची युनिटं एकत्र करून कोअर आणि आर्मी या मोठ्या तुकड्या बनवता येतात. सातव्यात (२०२५) सेनापतीच्या टाइलवर युनिटं गोळा करून एकदमच हलवता येतात. म्हणजे ढीग परत आला, फक्त गणवेश घालून.

धर्म आणि हेरगिरीबद्दल एवढंच की मूळ पाचव्यात दोन्ही नव्हती, २०१२ च्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या त्याच्या विस्तारात आली. धर्म तर चौथ्यात होताच. युगांवर मी खरंच दोन ओळी लिहिल्या. तेवढ्याच लिहायच्या होत्या.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण त्या कॅटपल्टबद्दल लिहा.