चार केळी आणि मेंदूची दारं

नवी पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘केळ्यातलं पोटॅशियम मेंदूच्या पेशींची दारं उघडतं, करंट वाढतो, बुद्धी तल्लख होते. पेपरआधी चार केळी खा. जास्त झाली तरी अपाय नाही.’

दारं आहेत, एवढं खरं. पेशीच्या पटलात पोटॅशियम चॅनल, म्हणजे पोटॅशियमला जाऊ देणारे प्रथिनांचे मार्ग असतात. पण त्यातल्या ज्यांच्यावर संदेशाचं गणित चालतं, ते पोटॅशियम खाल्ल्याने नाही, व्होल्टेज बदलल्याने उघडतात. शांत चेतापेशी बाहेरच्या मानाने आतून साधारण ७० मिलिव्होल्ट ऋण असते. हा फरक घटला की चॅनलच्या प्रथिनाचा धनभारित भाग सरकतो आणि दार उघडतं.

‘करंट वाढतो’ इथे तर सगळंच उलटं. संदेश पेटतो तो सोडियम आत घुसल्याने. पोटॅशियमची दारं किंचित उशिरा उघडतात आणि त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं, कारण आत ते तीसपटीहून जास्त असतं. धनभार निघून गेला की पेशी पुन्हा शांत. म्हणजे हा ब्रेक आहे, ॲक्सिलरेटर नव्हे. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर मोजमापं घेऊन हे गणितात बसवलं. १९६३ चं नोबेल त्याच कामाचं. ब्रेक गेला तर? हे चॅनल बिघडलेल्या फळमाशीला ईथरची भूल दिली की तिचे पाय थरथरतात. तिचं नावच ‘शेकर’. ४-अमिनोपायरिडिन हे औषध हीच दारं अडवतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजाराच्या काही रुग्णांना त्याने चालणं सुधारतं, पण मात्रा जास्त झाली तर फिट येते. तेव्हा केळ्याने खरंच ही दारं उघडली असती, तर पोरं पेपरात डुलक्या काढत बसली असती.

आता चार केळ्यांचा हिशोब. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. रक्तात ते थोडं वरखाली झालं तरी मेंदूभोवतीच्या द्रवात लिटरला साधारण ३ मिलिमोलच राखलं जातं. उपवासाच्या बटाट्यातही ते भरपूर असतं. एकादशीला सदाशिव पेठ जास्त हुशार होते असं दिसलेलं नाही. (पेठेचं म्हणणं, आधीच जागा शिल्लक नाही.)

‘अपाय नाही’ हे मात्र हसण्यावारी नेऊ नये. किडनी निकामी असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडून जिवावर बेततं. डायलिसिसवरच्यांना केळं, शहाळं टाळायला सांगतात ते म्हणूनच. हाच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. डायलिसिसवर असलेल्या मामांनी त्याला अंगठा दिला होता. मी उत्तर टाइप करत बसलो नाही, सरळ मामींना फोन लावला.