रामटेक जवळच तर आहे!

मुलांच्या परीक्षा संपल्या, शेजारचे मनालीला निघाले आणि जेवताना घरातले सगळे तुमच्या तोंडाकडे पाहू लागले, की समजायचं, यंदाही सुट्टी स्वस्तात काढायची वेळ आली. घाबरू नका. नागपूर देशाच्या मधोमध आहे, म्हणजे इथून सगळं सारखंच लांब. झिरो माइलचा खांब त्यासाठीच तर आहे.

सुरुवात थेट काश्मीरपासून करा. भाजीवालीशी घासाघीस करता तशीच, फक्त उलट्या बाजूनं. काश्मीरवरून पचमढीवर या, तिथून चिखलदऱ्यावर. 'घाटात लहान्याला उलट्या होतात' एवढ्यात चिखलदरा निकालात निघतो. ताडोबाचं नाव कोणी काढलं तर जिप्सीचं भाडं सांगा, वाघ दिसेलच असं नाही हेही सांगा. तरी कोणी हटलं नाही तर मंगळवारची रजा काढा. मंगळवारी ताडोबा बंद असतो. सीताबर्डीचा किल्ला घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, पण तो लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतो. म्हणून हा विषय 2 मेला काढावा.

एवढं झालं, की उदार चेहऱ्यानं म्हणा, "रामटेकला जाऊ ना! पन्नास किलोमीटर तर आहे." मुलांना सांगा, कालिदासाचा यक्ष राहिला तो रामगिरी हाच, असं मोठमोठे विद्वान मानतात. पुढचं सांगू नका. त्या यक्षाला तिथं वर्षभराची शिक्षा म्हणून धाडलं होतं. तुम्हाला फक्त एकच दिवस काढायचा आहे. मात्र त्याच्यासोबत चुलत सासरे नव्हते.

गाडी मित्राची मागून आणा. भाडं शून्य. टाकी अर्धी असताना घ्यायची आणि फुल करून द्यायची, एवढाच त्याचा आग्रह असतो. 'गाडीत जागा आहे' हे वाक्य मात्र फोनवर बोलू नका. आमच्या घरी ते एकदा बोललं गेलं, आणि सात जणांच्या गाडीत अकरा जण, पाण्याची कॅन आणि रोडगे भाजायला गोवऱ्यांचं पोतं एवढा ऐवज बसला.

निघायची वेळ पहाटे पाचची ठरवा, म्हणजे साडेनऊला निघता येतं. काकूंना कूलरचं पाणी सोडलं का ते पाहायला दोनदा परत जावं लागतं. घरून पोळ्या, भाजी, चिवडा, पन्हं सगळं घेतलेलं असलं तरी कामठी रोडला गाडी थांबवून तर्री पोहे खायचेच. खर्च वाचवायला निघालेला माणूस उपाशी राहू शकत नाही. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवा. वाचला तर तर्रीवर घेता येतो.

मनसरहून वळलं, की गड दिसतो. वर पोहोचेपर्यंत दुपारचे बारा. देवळात चप्पल बाहेर काढावी लागते आणि दगडी फरशीची मे महिन्यातली किंमत तेव्हा कळते. सगळे एका पायावर नाचत असताना चुलत सासरे नेमके तिथंच थांबतात. "हे पाहा, समोर नगरधन. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच! प्रभावतीगुप्ता कोण? तर दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी!" धाकटा रडत विचारतो, "आजोबा, सावलीत सांगा ना!" तेवढ्यात एक माकड काकूंची पिशवी हिसकावून कठड्यावर जाऊन बसतं. पिशवीत पेढे असतात, आणि काकूंचा चष्मा. पेढे ते सावकाश खातं, मग चष्मा नाकाशी धरून आपल्या सगळ्यांकडे पाहतं. अकरा जणांना तिकीट काढून पाहायला मिळणार नाही असा खेळ फुकटात होतो. नवीन चष्म्याचे पैसे तेवढे वेगळे.

रोडग्यांचं सांगायचं तर, खिंडसी तलावाच्या काठी गोवऱ्या पेटवायला कोणी देत नाही. पोतं परत आणावं लागतं. कोणाच्या तरी मांडीवरून.

संध्याकाळी वहीत हिशोब लिहा आणि वही लपवून ठेवा. पेट्रोल, पोहे, बोटीचं तिकीट, मुलांचे बर्फगोळे, चष्मा आणि मित्राच्या सीटवर सांडलेलं पन्हं धुवायला दिलेले पैसे. त्यात पचमढीची दोघांची तिकिटं आली असती का, हे मनातल्या मनातही मोजू नका.

मग कूलर लावून आडवे व्हा. तेवढ्यात भंडाऱ्याहून साळ्याचा फोन येईल. "भाऊजी, मनालीचं काही जमून नाही राहिलं. पोरं म्हणतात, यंदा जवळच कुठंतरी जाऊ. म्हटलं, नागपूर काय वाईट आहे? आठ दिवस राहू. तुमचा कूलर चालू आहे ना?"