पवित्र पर्वत जतन करू इच्छिणाऱ्यांस

एखादा पवित्र पर्वत आपल्या ताब्यात येईल आणि त्याच्या जतनाची जबाबदारी आपल्यावर पडेल, ही शक्यता आज आपल्याला दूरची वाटत असली, तरी माणसाने तयारीत असलेले बरे. या कामी चीनच्या शान्शी प्रांतातील वूताय पर्वताचा अभ्यास करावा, अशी माझी शिफारस आहे. मंजुश्री बोधिसत्त्वाचे हे निवासस्थान मानले जाते. सपाट माथ्याची पाच शिखरे, त्यांतले उत्तरेकडचे ३,०६१ मीटर उंच, मधल्या खोऱ्यात ताइह्वाय नावाचे गाव आणि गावाच्या अवतीभवती चिनी व तिबेटी अशा दोन्ही परंपरांची मंदिरे, असा हा प्रदेश आहे. चिनी, तिबेटी, मंगोल, जपानी, कोरियन आणि एकेकाळी भारतीयसुद्धा येथे यात्रेला येत. ही वर्दळ हजार वर्षांहून अधिक काळ चालली, आणि एवढ्या काळात कोणालाही व्यवस्थापन आराखडा सुचला नाही. तरीही पर्वत टिकला कसा, हे कोडेच आहे. पण कोडी सोडवत बसणे हे जतन करणाऱ्याचे काम नव्हे.

आपले पहिले काम जागतिक वारशाच्या यादीत नाव लावण्याचे. चीनने वूताय पर्वत निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही विषयांत परीक्षेला बसवला होता. २००९ मध्ये युनेस्कोच्या सेव्हिल येथील बैठकीत तो केवळ संस्कृतीत उत्तीर्ण झाला आणि ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून नोंदला गेला. सुमारे अडीच अब्ज वर्षे वयाचे खडक तेवढे नापास झाले. अशा वेळी खचून जाऊ नये, कारण खडक तक्रार करीत नाहीत आणि दगडी फलकावर बोधचिन्ह कोरताना एका विषयात नापास झाल्याचा उल्लेख करावा लागत नाही.

यादीत जाण्यापूर्वी मात्र परिसर स्वच्छ करावा लागतो, आणि स्वच्छता म्हणजे केवळ केरकचरा काढणे अशी आपली समजूत असेल तर ती सोडून द्यावी. ताइह्वायमध्ये नामांकनाच्या तयारीच्या काळात मंदिरांलगतची दुकाने, खाणावळी, लहान हॉटेले आणि राहती घरे पाडण्यात आली, आणि तेथील लोकांना मंदिरांपासून दूर नव्या वस्तीत हलवण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांतले बरेचसे बांधकाम बटबटीत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण बटबटीतपणाच्या वादात शिरू नये. त्यात शिरल्यास कोणीतरी विचारेल की बटबटीत पाट्या उतरवून माणसे तशीच का ठेवली नाहीत, आणि या प्रश्नाला सोयीस्कर उत्तर नाही. त्याऐवजी ‘मूळ स्वरूप’ हा शब्द वापरावा. मूळ स्वरूपात येथे फक्त देवळे, झाडे आणि धुके होते, असे एकदा ठरले की पुढचे सगळे सोपे जाते.

इतिहास वाचणाऱ्यांपासून या टप्प्यावर सावध राहावे. ते सांगतील की येथे चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यात उत्सवाबरोबर खेचरांचा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरत असे, मंगोल यात्रेकरू जनावरे घेऊन येत, आणि धर्मशाळा, शिधा, उदबत्त्या व जनावरांचा चारा विकणारे लोक हे यात्रेचेच अंग होते. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि बाजाराची लहान प्रतिकृती संग्रहालयात ठेवण्याचे आश्वासन द्यावे.

त्याहून अवघड प्रकरण मंजुश्रीचे स्वतःचे आहे. हा बोधिसत्त्व आपल्या रूपात कधी भेटत नाही. तो म्हातारा, भिकारी, कोणीही होऊन वाटेत उभा राहतो, अशी या पर्वताची श्रद्धा आहे. जपानी भिक्षू एन्निन इसवी सन ८४० मध्ये येथे आला होता. या प्रदेशात पाऊल ठेवले की कितीही सामान्य माणूस दिसला तरी त्याला तुच्छ लेखण्याची हिंमत होत नाही, आणि समोर गाढव आले तरी हाच मंजुश्री असेल का अशी शंका येते, असे त्याने रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. प्रशासकीय दृष्टीने ही नोंद अत्यंत गैरसोयीची आहे. स्थलांतराच्या यादीत घरमालक, भाडेकरू आणि अतिक्रमणदार असे रकाने असतात. बोधिसत्त्वासाठी रकाना नसतो, आणि असता तरी त्याने कागदपत्रे कोठून आणली असती? म्हणून श्रद्धेचा हा भाग माहितीफलकावर सुंदर अक्षरांत लिहावा आणि फलक अशा जागी लावावा की जेथे पूर्वी एखादे उपाहारगृह होते.

आता प्रवेशशुल्काकडे येऊ. शुल्काचा नाका मंदिराच्या दाराशी ठेवण्याची चूक करू नये. तो वूतायप्रमाणे डोंगरात शिरणाऱ्या रस्त्यावरच ठेवावा, म्हणजे माणूस देवाला भेटायला आला आहे की नुसती हवा खायला, हा नाजूक प्रश्न विचारावा लागत नाही. शुल्क शंभर युआनच्या वर असावे, कारण स्वस्त पावित्र्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. वादासाठी एन्निनच्याच रोजनिशीतील आणखी एक कथा कोणी पुढे करील, तिची तयारी ठेवावी. एका धनिकाने या पर्वतावर अन्नदान मांडले. पंक्तीत एक गरोदर भिकारीण आली, तिने आपला वाटा घेतला आणि पोटातल्या बाळाचा वाटा वेगळा मागितला. यजमान चिडला, जे अजून जन्मलेच नाही ते जेवणार कसे, असे म्हणून त्याने नकार दिला. बाळाला मिळत नसेल तर मलाही नको, असे म्हणून ती उठली, दाराबाहेर पडली, आणि मंजुश्री होऊन सोनेरी सिंहावर बसून आकाशात निघून गेली. तेव्हापासून या पर्वतावर वाढताना लहान-मोठा, भिक्षू-गृहस्थ, श्रीमंत-भिकारी असा भेद करायचा नाही आणि मागेल त्याला मागेल तेवढे द्यायचे, असा दंडक पडला, असे एन्निन सांगतो. या कथेचा अर्थ लावताना आपण घाबरून जाऊ नये. सर्वांना समान वागणूक हे तत्त्व आजही पाळता येते: नाक्यावर धनिकाला आणि भिकारणीला एकच दर लावावा.

शुल्क गोळा होऊ लागले की भांडवल बाजाराचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. चीनमध्ये बौद्धांचे चार पवित्र पर्वत मानले जातात. त्यांपैकी अमेय पर्वताची पर्यटन कंपनी १९९७ मध्येच शेनचेनच्या शेअर बाजारात दाखल झाली आणि च्यूह्वा पर्वताची २०१५ मध्ये शांघायच्या. समंतभद्र आणि क्षितिगर्भ या दोन बोधिसत्त्वांच्या पर्वतांचा भाव त्यामुळे रोज सकाळी कळू शकतो. देवळे विकली असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. बाजारात असते ती हॉटेले, केबल कार आणि अशाच व्यवहारांची कंपनी. देऊळ फक्त त्या केबल कारच्या वरच्या टोकाला असते. वूतायच्या बाबतीतही असा बेत होता. पण २०१२ मध्ये धर्मव्यवहार खात्याने इतर खात्यांसह पत्रक काढून मंदिरांना शेअर बाजारात नेण्यास मनाई केली, आणि अवलोकितेश्वराच्या पुतुओ पर्वताला तर बौद्ध संघटनेच्या विरोधानंतर २०१८ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. करुणेच्या देवतेलाच अपयश यावे, याला नशीब म्हणतात.

पर्वतावरच्या देवांची क्रमवारी लावणे हे काम पर्यटक आपण होऊन करतील, त्यात लक्ष घालण्याची गरज नाही. वूताय हा प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाचा पर्वत, तेव्हा रांग त्याच्यापुढे असणार असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात सर्वांत दाट गर्दी वूये मंदिरात असते, आणि वूये हा नागराजाचा पाचवा मुलगा. हा पैसा देतो, अशी त्याची ख्याती आहे. त्याला नाटकाची आवड असल्याने मंदिरासमोर रंगमंच आहे आणि नवस फेडणारे त्याच्यासाठी नाट्यप्रयोगांचा खर्च उचलतात. मला व्यक्तिशः हा देव आवडतो. निदान त्याला स्वतःची काही हौस आहे. बुद्धी मागणाऱ्यांची रांग छोटी असते याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण ज्यांना ती हवी आहे असे कळते त्यांच्याकडे ती थोडीफार असतेच.

वेळ कमी असलेल्या भाविकांसाठी जवळच्या वाटेची सोयही करून ठेवावी, आणि ही आधुनिक काळाची विकृती आहे असे कोणी म्हटल्यास त्याला अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग या चिनी बादशहाचे उदाहरण द्यावे. हा बादशहा सहा वेळा वूतायला आला. पाचही शिखरांवर जाऊन पाच रूपांतल्या मंजुश्रीचे दर्शन घेणे ही येथली खरी यात्रा. पण वर वारा, बर्फ आणि धुके, त्यामुळे बादशहाचा बेत पुन्हा पुन्हा फसला. शेवटी त्याने फर्मावले की पाचांचे दर्शन एका जागी होईल अशी व्यवस्था करा, आणि दायलुओदिंग नावाच्या जवळच्या टेकडीवर पाचही शिखरांच्या मंजुश्रींच्या मूर्ती एकाच दालनात मांडण्यात आल्या, असे सांगतात. आता तेथे १,०८० पायऱ्या चढून ‘छोटी यात्रा’ पूर्ण करता येते. ज्यांना एवढ्याही पायऱ्या नकोत, त्यांच्यासाठी हवेतून जाणारी खुर्ची आहे. तेव्हा जवळच्या वाटेला आणखी जवळची वाट काढणे यातही परंपरेचेच पालन होते.

राहिला जीर्णोद्धार. पर्वताच्या दक्षिण पायथ्याकडे, शेतांच्या आणि खेड्यांच्या मध्ये, नानछान मंदिराचे लहानसे लाकडी सभागृह आहे. ते इसवी सन ७८२ चे, म्हणजे चीनमधील सर्वांत जुन्या टिकलेल्या लाकडी इमारतींपैकी. ८४५ मध्ये तेव्हाच्या थांग राजघराण्यातल्या सम्राटाने देशभर बौद्ध मंदिरे पाडण्याचा हुकूम काढला, तेव्हा हे आडबाजूचे देऊळ वाचले. बाराशे वर्षांत निरनिराळ्या पिढ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे त्याची डागडुजी केली. मग १९७० च्या दशकात तज्ज्ञांनी नंतरच्या पिढ्यांचे हे उपद्व्याप काढून टाकले, छपराच्या वळचणी पुन्हा लांब केल्या, आणि मंदिराला थांग काळात असावे तसे रूप दिले. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की वास्तू कितीही जुनी असली तरी तिला आणखी जुनी करता येते.

फोग्वांग मंदिराची गोष्ट मात्र आपल्या उमेदवारांना शक्यतो सांगू नये, कारण तिच्यामुळे या पेशावरचा विश्वास उडतो. चीनमध्ये थांग काळातील लाकडी इमारत उरलेली नाही, ती पाहायची तर जपानमध्ये नारा येथे जावे, असे जपानी विद्वान सांगत. १९३७ च्या उन्हाळ्यात ल्यांग सिछेंग आणि लिन ह्वेईयिन हे वास्तुतज्ज्ञ जोडपे आपल्या सहकाऱ्यांसह खेचरांवरून येथे पोहोचले. वायव्य चीनमधील तुनह्वांगच्या एका बौद्ध गुहेतील भित्तिचित्रात वूतायचा नकाशा आहे. त्यात या मंदिराचे नाव त्यांनी पाहिले होते. मुख्य सभागृहाच्या माळ्यावर ते चढले तेव्हा धुळीचा जाड थर होता, वाशांना हजारो वटवाघळे लटकलेली होती आणि त्या वटवाघळांच्या अंगावर ढेकूण होते. कित्येक दिवस तेथे रांगत मोजमापे घेतल्यावर लिनबाईंना, ज्यांना लांबचे बरे दिसत असे, खालून एका तुळईवर शाईची पुसट अक्षरे दिसली. तुळई धुऊन वाचली, तेव्हा निंग गोंगयू या दात्या स्त्रीचे नाव मिळाले. तेच नाव दाराबाहेरच्या दगडी स्तंभावर होते आणि त्यावर इसवी सन ८५७ शी जुळणारे वर्ष. सभागृहात मोठमोठ्या मूर्तींच्या कडेला एक साधी बाई बसलेली आहे. ती हीच निंग गोंगयू, असे त्यांच्या लक्षात आले. हे देऊळ कोणी जतन केले? हमरस्त्यापासून दूर असल्यामुळे बहुतेकांनी त्याला विसरून जाण्याची कृपा केली, एवढेच. विस्मरण ही वारसा जतनाची आजवरची सर्वांत यशस्वी पद्धत ठरली आहे. दुर्दैवाने तिला अंदाजपत्रक लागत नाही, त्यामुळे ती कोणत्याही खात्याला राबवता येत नाही.

भाविक नसलेल्या पर्यटकाची सोय पाहायची असेल, तर क्रांतीचा वारसाही हाताशी ठेवावा. एप्रिल १९४८ मध्ये माओ त्सेतुंग येथून जाताना मोठ्या पांढऱ्या स्तूपाच्या मंदिरात मुक्कामाला होते, आणि ती जागा आज दाखवली जाते. नॉर्मन बेथून या कॅनडाच्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये याच वूताय जिल्ह्यातील एका गावात आदर्श रुग्णालय उभारले होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी शेजारच्या हबै प्रांतात सांभाळली, तेव्हा मराठी पर्यटकालाही अगदीच परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटू नये. स्तूपाला उजवी घालून माओंच्या खोलीत डोकावणारा माणूस दोन्हीकडे तितक्याच भक्तीने फोटो काढतो, आणि नाक्यावर त्याला एकच पावती मिळते.

सरतेशेवटी, ज्यांना या सगळ्यानंतरही मंजुश्रीचीच भेट हवी असेल, असे काही थोडे हट्टी लोक आपल्या कार्यालयात चौकशीला येतील. काश्मीरकडचा भिक्षू बुद्धपालित ६७६ मध्ये असाच आला होता. त्याला डोंगरात एक म्हातारा भेटला, अमुक एक सूत्र भारतातून आणले आहेस का असे त्याने विचारले, आणि नाही म्हणताच ते घेऊन ये म्हणून परत पाठवले. बुद्धपालित खरोखरच भारतात गेला आणि काही वर्षांनी सूत्र घेऊन परतला. अशा चौकशी करणाऱ्यांना आपण नम्रपणे सांगावे की तशा वर्णनाचे म्हातारे पूर्वी खाणावळींच्या बाजूला बसत असत, पण आता ते नव्या वस्तीत राहायला गेले आहेत. आणि तिकडे जाण्याचा खर्च प्रवेशशुल्कात धरलेला नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे, म्हणजे मागाहून तक्रार राहत नाही.