पस सेल्स भरपूर, मग प्रतिकार दडपला कसा?

ई. कोलाय जिवाणूंची विषे मूत्रमार्गातील प्रतिकारयंत्रणा दडपतात, या माझ्या लेखातील विधानावर आपण आक्षेप घेतला आहे. ज्या रुग्णाला थंडी वाजून ताप येतो, लघवीला जळजळ होते आणि तपासणीत पस सेल्स (संसर्गाशी लढायला लघवीत उतरलेल्या पांढऱ्या पेशी) भरपूर निघतात, त्याचा प्रतिकार दडपला गेला असे कसे म्हणावे, हा आपला प्रश्न रास्त आहे. ‘दडपतात’ हे क्रियापद मी सरसकट वापरायला नको होते. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हापुन्हा होणाऱ्या कितीतरी स्त्रियांना ‘तुमची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ असे ऐकावे लागते, आणि माझ्या ढिल्या शब्दाने त्या समजाला बळ मिळाले असेल तर त्याचा मला खेद आहे.

तरीही ताप आणि पस सेल्स दिसल्या म्हणजे विषाने प्रतिकाराला धक्का लावला नाही, हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. अल्फा-हिमोलायसिन हे विष पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते. ते भरपूर असेल तर पेशी फुटते. मात्रा थोडी असेल तर मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये कॅल्शियमचे प्रमाण लयीत वरखाली होऊ लागते आणि त्या पेशी इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-८ ही दाहाचा संदेश देणारी रसायने सोडतात, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारे रसायन म्हणजे हेच इंटरल्यूकिन-८, त्यामुळे इथे विष प्रतिकाराला चिथावते हे आपले म्हणणे बरोबर ठरते. मात्र पेशी मरणार नाही इतक्याच मात्रेत हेच हिमोलायसिन तिच्यातील प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम) जागी करते, आणि त्यांच्या माऱ्यात दाह पेटवणाऱ्या संदेशसाखळीतील प्रथिनेही तुटतात.

पस सेल्सच्या मुद्द्याला खरे उत्तर सीएनएफ-१ या दुसऱ्या विषात आहे. पेशीच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या ऱ्हो प्रथिनातील ग्लुटामिन या एका अमिनो आम्लाचे ते ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करते, आणि तेवढ्या बदलाने ते प्रथिन सतत चालू अवस्थेत अडकते. हे विष भिनलेल्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे पस सेल्समध्ये प्रामुख्याने दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी, जास्त चिकटतात, त्यांच्यात ऑक्सिजनची दाहक संयुगे जास्त तयार होतात, पण जिवाणूच्या रोखाने जाण्याची आणि त्याला मारण्याची त्यांची क्षमता घटते. सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात त्या जमलेल्या पेशी. त्यांच्या हातून काम किती होते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

ई. कोलायच्याच टीसीपीसी या प्रथिनाचा उल्लेख लेखात राहून गेला होता. ते माणसाच्या पेशीतील एका संदेशवाहक भागाची नक्कल करते, मायडी-८८ या दुव्याला चिकटते आणि जिवाणू आल्याची वर्दी तिथेच अडवते. २००८ साली हे उलगडले. ‘दडपणे’ हा शब्द शोभतो तो इथे, आणि आता लेखात तो तेवढ्यापुरताच ठेवला आहे.

यातले बरेचसे प्रयोग उंदरांवर आणि प्रयोगशाळेतील पेशींवर झालेले आहेत, हा आपला दुसरा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. निरोगी माणसाच्या आतड्यातील ई. कोलायपेक्षा मूत्रपिंडाच्या संसर्गातून मिळालेल्या ई. कोलायमध्ये हिमोलायसिनची जनुके अधिक वेळा सापडतात, ही नोंद मात्र माणसांतलीच आहे. अर्थात ही जनुके नसलेले जिवाणूही आजार घडवतात, म्हणून विष हे एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही.