मग ते नाटक कुणाचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून चार दिवस झाले. सविस्तर लिहायचं होतं, म्हणून उशीर झाला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी एका छोट्या फिजिकल थिएटर (शब्दांपेक्षा शरीराच्या हालचालींतून उभं राहणारं नाटक) कंपनीबद्दल लिहिलं होतं. तिच्यात कायमची माणसं तीन आणि त्या नाटकापुरते जोडले गेलेले सहयोगी कलाकार नऊ. प्रकाशयोजना माझी होती, म्हणजे त्या नऊ जणांत मीही आले. तुमचा पहिला आक्षेप असा की लेखकच नसलेलं नाटक ही शेवटी कसरत असते. दुसरा असा की दर नाटकाला माणसं बदलत असतील तर ती कंपनी कसली. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीचे नट वर्षानुवर्षं एकत्र राबले म्हणून तसं काम उभं राहिलं. आणि तिसरा, मी या मंडळींना 'कुटुंब' म्हटलं त्याबद्दल. तुमचे शब्द होते, 'कुटुंब म्हटलं की मानधनाचा आणि श्रेयाचा विषय काढायची चोरी होते.'

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि मला ते लागलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका वेगळ्या कंपनीच्या तालमींना मी सात आठवडे बसत होते. नाटकात एक प्रसंग होता: बहीण मेलेल्या भावाला उचलून नेते. दिग्दर्शकाला तिने त्याला खांद्यावर घ्यायला हवं होतं, आणि ते काही केल्या जमेना. तो तिच्यापेक्षा बराच जड होता, पण खरी अडचण वजनाची नव्हती. लिफ्टमध्ये, म्हणजे एका नटाने दुसऱ्याला उचलण्यात, खालच्याने आपली कंबर वरच्याच्या कंबरेखाली आणायची असते, गुडघ्यांतून बसायचं असतं, आणि वरच्याने श्वासाबरोबर स्वतः उडी घ्यायची असते. अर्धं काम वरच्याचं. आता मेलेला माणूस उडी कशी मारणार? त्याने उडी मारली की तो जिवंत वाटायचा, नाही मारली की तिची पाठ भरून यायची. तीन दिवस हेच चाललं होतं.

चौथ्या दिवशी ती दमून जमिनीवर बसली. तोही तिच्या पाठीला पाठ टेकून बसला. पाणी प्यायला म्हणून ती पुढे वाकून उठू लागली आणि तो जागचा हललाच नाही, नुसता सैल राहिला. त्याची पाठ तिच्या पाठीवरून सरकत वर आली. ती कमरेत वाकून उभी, तो तिच्या पाठीवर उताणा, हात दोन्ही बाजूंनी लोंबणारे, डोकं तिच्या कानाशी. तिने तशीच पाच पावलं टाकली. संगीत करणारा तालमीत रोज वाजवायचा. त्याने हात उचलला आणि पुढे त्या प्रसंगाला संगीत दिलंच नाही. लाकडी फ्लोअरवर तिच्या टाचांचा आवाज तेवढा ठेवला. मी समोरचे दिवे काढून टाकले, कारण समोरून ते दोघं म्हणजे एक गोळा दिसायचा. विंगेत घोट्याच्या उंचीवर एकच दिवा लावला, तेव्हा वाकलेल्या पाठीची कड दिसायला लागली. वेशभूषा करणारीने तिच्या सदऱ्याच्या काखेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडला, कारण त्या वाकण्यात शिवण उसवायची.

तो प्रसंग लिहिला कुणी? परिस्थिती दिग्दर्शकाने दिली. हालचाल तिला सापडली, आणि तो सैल राहिला म्हणून सापडली. संगीतकाराचं लेखन म्हणजे त्याचं थांबणं. प्रयोगाच्या पत्रकावर मात्र 'संकल्पना, लेखन, दिग्दर्शन' असं लिहून एकच नाव होतं, ठळक. खाली 'सहभाग' म्हणून बाकी सगळे एका ओळीत. तालमीच्या दिवसांचे पैसे कुणालाच नव्हते, प्रयोगाचे होते तेही तुटपुंजे. पुढच्या वर्षी ते न परवडल्यामुळे ती बाहेर पडली. तिच्या जागी आलेल्या मुलीने ती लिफ्ट व्हिडिओ बघून शिकून घेतली आणि नव्या पत्रकात पहिलीचं नाव कुठेच उरलं नाही.

मी तेव्हा बोलले नाही. माझं नाव जागेवर होतं, माझ्या दिव्यांना वेगळी ओळ होती. आम्ही सगळे त्या काळात एकमेकांना घरचेच म्हणायचो. तुम्ही ज्या शब्दावर बोट ठेवलंत तो मी तिथूनच उचलून आणला होता.

ज्या कंपनीबद्दल मागच्या वेळी लिहिलं तिने हे वेगळ्या पद्धतीने केलं होतं, आणि तेच मी लेखात गाळलं. पैशाचं आणि कागदाचं वाचायला कुणाला आवडेल, असं वाटलं. पहिल्या आठवड्यात, अजून एकही हालचाल बसवलेली नसताना, बाराही जणांनी मिळून दोन पानी करार लिहिला. तालमीच्या दिवसाचा दर सगळ्यांना सारखा, दिग्दर्शिकेलासुद्धा. कुणी मध्येच सोडून गेलं आणि त्याने शोधलेलं काही नाटकात राहिलं, तर प्रत्येक पत्रकावर 'मूळ संच' म्हणून त्याचं नाव राहणार आणि प्रयोगाच्या मानधनातला छोटा वाटाही त्याला मिळणार. तालमीचं चित्रीकरण कोण ठेवणार, ते कुणाला दाखवता येणार, हेही त्यात आहे. दुखापत झाली तर किती दिवसांचे पैसे, यावरून दोन तास वाद झाला होता. आवाज चढले होते. पण पुढचे दोन महिने त्या विषयावर कुणाच्या मनात काही साचलं नाही.

कागद लिहिण्याला आणखी एक कारण आहे. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांचा जो बर्न करार आहे (1886), त्याच्या संरक्षित कृतींच्या यादीत आज नृत्यरचना आणि मूकनाट्य ही दोन्ही आहेत. पण कृती कुठल्या तरी ठोस स्वरूपात उतरवलेली असली तरच संरक्षण द्यायचं, असं ठरवण्याची मुभाही तोच करार देशांना देतो. संहितेचं हस्तलिखित असतं. पाठीवरून सरकलेल्या पाठीचं काय असतं? तालमीच्या वहीत तारीख घालून कुणी लिहिलं असेल तर तेवढंच.

आता ग्रोटोव्स्कीबद्दल. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते पूर्ण नाही. 1959 मध्ये पोलंडमधल्या ओपोलेत एक छोटं थिएटर त्याच्या हाती आलं, 1965 मध्ये मंडळी व्रोत्सवाफला गेली, आणि या सगळ्या काळात त्यांच्यामागे सरकारी अनुदान होतं. कमी का असेना, नटांना पगार होता. माणसं टिकली त्यात निष्ठा होतीच, पण महिन्याच्या महिन्याला येणारे पैसेही होते. स्वतंत्र कंपनीकडे तेच नसतं, म्हणून ती तीन माणसांवर चालते.

शिवाय त्याचं 1962 चं 'अक्रोपोलिस' आठवून बघा. पोलिश नाटककार विस्पियान्स्कीच्या मूळ नाटकात राजवाड्याच्या टेकडीवरचं कॅथेड्रल आहे. ग्रोटोव्स्कीच्या प्रयोगात त्या जागी नाझी छळछावणी आली. गोणपाटाचे भोकं पाडलेले कपडे, लाकडी बूट, हातगाडी, आणि नट प्रयोगभर जोडत जातात त्या धुराड्याच्या नळ्या. ही दृश्यसृष्टी युझेफ शायनाची. तो त्या कंपनीचा कायमचा सभासद नव्हता, बाहेरून आलेला चित्रकार-नेपथ्यकार होता, आणि स्वतः ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेला माणूस होता. त्या लाकडी बुटांमुळे नटांची चाल बदलली आणि त्यांच्याच ठोक्यांनी प्रयोगाची लय धरली. म्हणजे तुम्ही ज्याचं उदाहरण दिलंत त्याच्याही नटांच्या शरीरात एका सहयोगी कलाकाराचा हात आहे. म्हणूनच मला वाटतं, सहयोगी कलाकार पहिल्या दिवसापासून तालमीत हवा. शेवटच्या आठवड्यात येऊन कपडे मापाला लावणाऱ्याला अशी चाल घडवता येत नाही.

दर वेळी नवी माणसं आली की पहिले पंधरा दिवस एकमेकांचं वजन ओळखण्यात जातात, हे मात्र मान्य. ते दिवस वाचतात ते समान तालमीमुळे. गायक आणि तबलजी कधी कधी मैफलीतच पहिल्यांदा भेटतात, तरी समेवर एकत्र येतात. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक मुळात खेळ आणि व्यायाम शिकवणारा. त्याने 1956 मध्ये पॅरिसला शाळा काढली. तिथे मुलांनी शिक्षकाशिवाय, आपापले गट करून एखाद्या विषयावर प्रसंग उभा करायचा आणि मग सगळ्यांना दाखवायचा, हा नेमाचा भाग होता. त्यातून बाहेर पडलेल्यांना अनोळखी माणसांबरोबर काम सुरू करायची सवय असते. अशी समान भाषा नसेल तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो, आणि तशा कंपन्याही मी पाहिल्या आहेत.

कसरतीच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. शब्दांशी या रंगभूमीचं वैर नाही. ब्रिटनमधली फ्रँटिक असेंब्ली ही 1994 मध्ये तिघांनी सुरू केलेली कंपनी. तिने ब्रायनी लॅव्हरी, अ‍ॅबी मॉर्गन यांच्यासारख्या नाटककारांबरोबर कामं केली आहेत. आणि आपल्याकडे 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत 1972 पासून आपल्या डोळ्यांसमोर आहे. तेंडुलकरांच्या शब्दांना ती भिंत लागली, आणि ती उभी राहायला दिग्दर्शक जब्बार पटेल, नृत्यरचना करणारे कृष्णदेव मुळगुंद, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि रांगेतला प्रत्येक नट लागला. नाट्यशास्त्रात भरतानेही आंगिक (शरीराचा) अभिनय वाचिकाच्या (बोलण्याच्या) बरोबरीने मोजला आहे. नुसती उडी बघून टाळ्या मिळाव्यात म्हणून उडी घेतली, तर ती कसरत. तसं नाटक तुम्ही पाहिलं असेल तर तुमचा राग रास्त आहे.

मागच्या लेखातला 'कुटुंब' हा शब्द काढून 'संच' केला आहे आणि कराराबद्दल दोन परिच्छेद जोडले आहेत. त्या पाठीवरच्या लिफ्टबद्दल इथे लिहिण्याआधी तिला फोन केला होता. प्रसंग लिहायला तिची हरकत नव्हती. नाव घालू का विचारलं, तर म्हणाली, घालायचं तर दोघांचं घाल. तो सैल राहिला नसता तर मी उठूच शकले नसते. त्याचा नंबर तिच्याकडे नाही. मी शोधते आहे.